पगाराची तारीख आणि चौथा शनिवार: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ऑगस्ट 2025 पासून आमच्या वर्कशॉपचे पगार एक्सेलच्या फॉर्म्युल्यावर चालतात. 14 माणसं आहेत. महिनाअखेरीला यादी आणि चेक घेऊन मीच बँकेत जातो, त्यामुळे त्या दिवशी शाखा उघडी हवीच. पेरोलच्या सॉफ्टवेअरला दरवर्षी पैसे भरायची माझी तयारी नव्हती, आजही नाही.

पहिल्या खान्यात 31 ऑगस्ट टाकून ईडेट (EDATE, दिलेल्या तारखेनंतर ठराविक महिन्यांनी येणारी तारीख काढणारं फंक्शन) लावलं आणि खाली ओढलं. सप्टेंबर 30 बरोबर, पण ऑक्टोबरही 30, आणि फेब्रुवारीनंतर तर प्रत्येक महिन्याला 28! मी ईडेटलाच निकामी ठरवलं होतं. आता तसं म्हणणार नाही. वरच्या खान्याची तारीख एकदा घसरली की खालची प्रत्येक तारीख तिथूनच मोजली जाते. मूळ तारखेपासून 1, 2, 3 महिने मोजले की ईडेट चोख चालतं. तरी महिनाअखेरीसाठी ईओमंथच (EOMONTH, थेट महिन्याचा शेवटचा दिवस देणारं) सरळ पडतं, मी तेच ठेवलंय.

खरा मनस्ताप दिला शनिवारांनी. महिन्याचा शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर पगार आधीच्या कामाच्या दिवशी, म्हणून वर्कडे (WORKDAY, सुट्ट्या वगळून कामाचे दिवस मोजणारं) लावलं. ईओमंथमध्ये 1 मिळवायचा आणि तिथून उणे 1 दिवस मागे यायचं. तो 1 मिळवला नाही तर शेवटचा दिवस कामाचा असूनही तारीख एक दिवस अलीकडे येते. पण वर्कडे सगळेच शनिवार सुट्टीचे धरतं. 31 जानेवारी 2026 हा पाचवा शनिवार, बँक चालू, आणि माझ्या पत्रकात 30! मालकांनी विचारलं, एक दिवस आधी का? मग मी वर्कडे डॉट इंटल (WORKDAY.INTL, ज्यात आठवड्याची सुट्टी आपण ठरवतो) घेऊन सुट्टीचा कोड 11 टाकला, म्हणजे फक्त रविवार सुट्टी.

तेच फेब्रुवारीत महागात पडलं. 28 फेब्रुवारी, चौथा शनिवार. यादी हातात आणि शाखेचं शटर खाली. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका 2015 पासून बंद असतात हे मला माहीत होतं, पण पत्रकाला मी ते सांगितलंच नव्हतं. पगार गेले सोमवारी, 2 मार्चला, ऐन शिमग्याच्या तोंडावर. कायद्याने 7 तारखेपर्यंत चालतं, पण एकाचा कर्जाचा हप्ता 1 तारखेला होता. तो परत गेला, वर दंड. ती रक्कम मी माझ्या खिशातून दिली. चूक माझीच होती.

त्याच रात्री उपाय केला. महिन्याची 1 तारीख घ्यायची, त्यात 7 मिळवायचे, त्या तारखेचा वीकडे (WEEKDAY, म्हणजे वाराचा आकडा, रविवार 1 ते शनिवार 7) वजा करायचा. आला पहिला शनिवार. त्यात 7 मिळवले की दुसरा, 21 मिळवले की चौथा. वर्षाच्या या 24 तारखा सुट्ट्यांच्या यादीत टाकल्या आणि फॉर्म्युल्याला ती यादी दाखवली. कोड 11 तसाच ठेवला. फेब्रुवारीच्या ओळीत लगेच 27 आलं, जानेवारीत 31.

ईद, दिवाळी, गुढीपाडवा मात्र फॉर्म्युल्यात बसत नाहीत. त्या तारखा रिझर्व्ह बँकेच्या यादीवरून दर जानेवारीत हाताने भराव्या लागतात, तासभर जातो. तेवढा वेळ मी आनंदाने देतो. या महिन्यात 31 मे रविवारी आहे, पत्रक 30 दाखवतंय, पाचवा शनिवार. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून पाचही शनिवार मोजले. बरोबर आहे.