तुइना, ग्वाशा की कपिंग? आखडलेल्या मान-पाठीसाठी निवड करताना

संगणकासमोर बसून मान आणि खांदे आखडलेत, डॉक्टरांनी तपासून काळजीचं काही नाही असं सांगितलंय, आणि आता चिनी पद्धतीचा एखादा उपचार करून पाहावा असं मनात आहे. तर माझं मत आधीच सांगते: सुरुवात तुइनापासून करा.

तुइना म्हणजे चिनी पद्धतीचं मालिश, सगळा हाताचा खेळ. चीनमधल्या पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयांत त्याचा स्वतंत्र विभाग असतो आणि लोक इतर ओपीडीसारखीच तिथेही नोंदणी करून जातात. रुग्णालयाबाहेर दृष्टिहीन मालिशकारांची केंद्रंही गावोगावी आहेत. हा त्यांचा मानाचा व्यवसाय आहे. कपडे उतरवावे लागत नाहीत, अंगावर सुती कापड टाकून काम चालतं. एका पद्धतीत हाताची मागची बाजू खांद्यावर मिनिटाला १२० ते १६० वेळा लाटल्यासारखी फिरवतात. मग अंगठ्याने दाबणं, चिमटीत स्नायू धरून उचलणं, मळणं. मला तुइना आवडतो तो एवढ्यासाठी, की कुठे गाठ आहे आणि कुठे दुखतंय हे हाताला कळतं आणि जोर तिथल्या तिथे कमी-जास्त करता येतो. अर्थात सगळं त्या हातावरच अवलंबून आहे, आणि जुनं दुखणं एका बैठकीत हटत नाही. मान कडकन मोडून देणाऱ्याला मात्र ठामपणे नाही म्हणा. झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

ग्वाशा सर्वांत साधा आणि स्वस्त. त्वचेला तेल लावून शिंगाच्या किंवा जेड या दगडाच्या गुळगुळीत पट्टीने, घरात असेल तर चिनी मातीच्या चमच्याने, एकाच दिशेने घासायचं. लाल-जांभळे पट्टे उठतात आणि सहसा आठवड्याच्या आत जातात. जर्मनीत २०११ साली मानदुखीच्या ४८ रुग्णांवर अभ्यास झाला. एकदाच ग्वाशा केलेल्यांना आठवड्यानंतर, गरम शेक घेतलेल्यांपेक्षा जास्त आराम होता. अभ्यास लहान आहे, पण दिशा आशादायक आहे. चेहऱ्यावर हलक्या हाताने फिरवतात तो प्रकार वेगळा, मानदुखीशी त्याचा संबंध नाही.

कपिंग आपल्याला अगदी परकं नाही. तुंबडी लावणं म्हणजे हेच. काचेच्या कपात क्षणभर ज्योत फिरवून तो पाठीवर लावतात, आतली हवा थंड झाली की त्वचा वर ओढली जाते. पाच-दहा मिनिटं पुरतात. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर दिसलेले गोल डाग याचेच. ते जायला कधीकधी दोन आठवडेही लागतात, त्यामुळे लग्नकार्य तोंडावर असेल तर थांबा. रुंद, मांसल पाठ जड झाली असेल तर कपिंगने मोकळं वाटतं. मानेसारख्या निमुळत्या जागी कप नीट बसतही नाहीत. भाजण्याचा धोका नको असेल तर ज्योतीऐवजी छोट्या हातपंपाने हवा ओढून लावायचे कप मागा. त्वचेला छेद देऊन रक्त काढणारा प्रकार मी कुणालाही सुचवणार नाही, त्यात जंतुसंसर्गाची भीती आहे.

डाग जितका काळा तितकं विष बाहेर पडलं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्वचेखालच्या बारीक केशवाहिन्या फुटून साकळलेलं ते रक्त असतं. डाग गडद व्हावा म्हणून जास्त जोर लावू देऊ नका.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर ग्वाशा आणि कपिंग दोन्ही टाळा. मधुमेहामुळे संवेदना कमी झाली असेल तर भाजलेलं किंवा सोललेलं कळत नाही, म्हणून तिथेही नको. हाडं ठिसूळ असतील किंवा गरोदरपण असेल तर तुइनासुद्धा डॉक्टरांना विचारूनच. आणि हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा, पाठदुखीबरोबर ताप, लघवीवरचा ताबा जाणं, यांपैकी काहीही असेल तर यातलं काहीच न करता सरळ रुग्णालय गाठा.