स्वयंअध्ययनाची शाळा की नेहमीचा वर्ग? बडोद्यातल्या पालकांसाठी तुलना

‘आमच्याकडे मूल स्वतःच्या गतीनं शिकतं’ हे वाक्य आता बऱ्याच शाळांच्या माहितीपत्रकात असतं. त्याखाली तीन अगदी वेगळ्या पद्धती असू शकतात. निवड करायची तर आधी त्या सुट्या करून पाहायला हव्यात.

पहिली माँटेसरी वळणाची. साहित्य आणि त्याचा क्रम ठरलेला असतो, पण आज कोणतं काम उचलायचं हे मूल ठरवतं. त्यासाठी सकाळचे सलग अडीच-तीन तास मोकळे ठेवलेले असतात. दुसरी नेमून दिलेल्या कामाची. अमेरिकेत हेलन पार्कहर्स्ट यांनी साधारण १९२० च्या सुमारास डाल्टन पद्धत मांडली, त्यात महिन्याचं काम आधी ठरतं आणि कोणत्या दिवशी काय करायचं ते मुलाच्या हाती राहतं. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅली शाळेची कार्डांची शिडी, म्हणजे क्रमानं लावलेली कामाची कार्डं एकेक सोडवत मूल पुढं जातं ती पद्धत, याच कुळातली. तिसरी पूर्ण मोकळीक. मॅसॅच्युसेट्समध्ये १९६८ पासून चालणाऱ्या सडबरी व्हॅली शाळेत वेळापत्रक नाही आणि सक्तीचा तासही नाही. आपल्याकडे दहावीच्या बोर्डाशी या तिसऱ्या पद्धतीची सांगड घालणं फार अवघड असल्यानं तिचा विचार इथं बाजूला ठेवतो.

गुजरातेत हे काही कालपरवा आलेलं नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. तिथं त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं.

आमचं मत आधीच सांगतो. बालवाडी ते दुसरीपर्यंत शिक्षिका तयार आणि साहित्य पुरेसं असेल, तर स्वयंअध्ययनाचा वर्ग नेहमीच्या वर्गापेक्षा नक्की चांगला. तिसरी ते सातवी मिश्र पद्धत घ्यावी: नवं ते शिकवून घ्यायचं, सराव आणि शोध मुलाकडे सोपवायचा. आठवीपासून मात्र बोर्डाचा विचार आधी करावा.

तिसरीतली वजाबाकी

दोन्ही पद्धतींचं बळ आणि उणीव एकाच गणितात दिसते: ४२०३ वजा १७५८.

माँटेसरीच्या मण्यांवर हे करताना एककात तीनच सुटे मणी असतात, काढायचे असतात आठ. मूल दशकाकडे वळतं, तिथं शून्य. मग शतकाची एक पाटी मोडून दहा दशकमाळा घ्यायच्या, त्यातली एक माळ मोडून दहा सुटे मणी घ्यायचे. हात हे सगळं करतो तेव्हा शून्यावरून उसनं कुठून आलं हे मुलाला कळतं. उत्तर येतं २४४५. नेहमीच्या वर्गात हीच कृती फळ्यावर चार मिनिटांत होते, ‘शून्याचे दहा, दहाचे नऊ’ असं तोंडी पाठ होतं, आणि बऱ्याच मुलांच्या डोक्यात नऊ कुठून आला याचा पत्ता नसतो. इथं साहित्य सरळ जिंकतं.

आता तेच गणित कार्डावर, साहित्याविना, मुलानं एकट्यानं सोडवलं तर काय होतं ते पाहा. काही मुलं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतात: आठातून तीन पाच, पाचातून शून्य पाच, सातातून दोन पाच, चारातून एक तीन. उत्तर ३५५५. मूल शांत बसलेलं असतं, वही नेटकी असते, कार्डावर काम झाल्याची खूण होते. पुढची दहा कार्डं त्याच चुकीच्या रीतीनं होतात आणि रीत पक्की होते. मागच्या बाजूला उत्तर छापलेलं असलं तर काही मुलं ते पाहून वहीतला आकडा बदलतात, रीत तशीच राहते. नेहमीच्या वर्गात ही चूक त्याच दिवशी वही तपासताना बाईंना दिसण्याची शक्यता जास्त. म्हणून कार्डांच्या शाळेला एक प्रश्न जरूर विचारा: पहिल्या दोन कार्डांनंतर कोण तपासतं? ‘आठवड्याच्या शेवटी’ असं उत्तर मिळालं तर गणितासाठी ती शाळा आमच्या मते कच्ची.

यामागचं कारण संशोधकांनीही मांडलेलं आहे. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलं की नवी गोष्ट शिकताना नवशिक्याची कार्यस्मृती, म्हणजे एका वेळी डोक्यात धरता येईल तेवढी जागा, लवकर भरते. शोध घेणं आणि शिकणं ही दोन्ही ओझी एकदम टाकली की शिकणं मागे पडतं. पाया झाल्यावर चित्र उलटतं. ज्याला येतं त्याला पायरीपायरीचं मार्गदर्शन अडचणच करतं. त्यामुळे ‘या मुलाला स्वातंत्र्य झेपेल का’ असं सरसकट विचारून उपयोग नाही. एकच मूल वाचनात मोकळं सोडण्याजोगं असतं आणि अपूर्णांकांत हात धरण्याजोगं.

पालकसभांत दिल्लीच्या कालकाजीतला १९९९ चा भिंतीतल्या संगणकाचा प्रयोग हमखास सांगितला जातो. सुगत मित्रांच्या त्या प्रयोगात मुलं संगणक हाताळायला आपापली शिकली हे खरं. त्यावरून ती भागाकारही आपापला शिकतील असा अर्थ काढणं चूक आहे.

शिक्षिकेचा वेळ

स्वयंअध्ययन बुडतं ते बहुतेक वेळा इथं. प्रत्येक मुलाशी आठवड्यातून एकदा सात मिनिटं बसून बोलायचं: काय झालं, कुठं अडलं, पुढं काय. ३० मुलं असतील तर २१० मिनिटं, म्हणजे ३५ मिनिटांच्या सहा तासिका. ४५ मुलं असतील तर ३१५ मिनिटं, नऊ तासिका. हा वेळ वेळापत्रकात लिहिलेला हवा, आणि त्या वेळात बाकीच्या मुलांकडे बघायला मदतनीस हवी. शिक्षण हक्क कायद्याचं प्राथमिकचं प्रमाण एका शिक्षकामागे ३० मुलं आहे. स्वयंअध्ययनात ही वरची मर्यादा समजावी.

नेहमीच्या वर्गाचाही हिशोब मांडू. ४० मिनिटांची तासिका आणि ४५ मुलं, म्हणजे बाई गप्प राहिल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येत नाही. ज्याला आधीच येतं तो वाट पाहतो, ज्याला येत नाही तो फळ्यावरचं उतरवून घेतो. पण एक फायदा उरतो: शिक्षिका साधारण असली, मध्येच बदलली, तरी पाठ्यपुस्तक आणि तासांच्या आधारानं वर्ष निभावतं. स्वयंअध्ययनाच्या वर्गात मुलांची नोंद ठेवणारी शिक्षिका नोव्हेंबरात सोडून गेली की कोण कुठवर आलंय हे नव्या बाईंना कळायलाच महिना जातो. गेल्या दोन वर्षांत किती शिक्षिका बदलल्या, हे विचारायला संकोच करू नका.

टॅबवर ॲप लावून मुलांना रांगेत बसवणं याला आम्ही स्वयंअध्ययन म्हणत नाही. पुढचा प्रश्न ॲप ठरवतं, मूल फक्त बोट टेकवतं.

प्रकल्प

इथं मात्र नेहमीची शाळा फार मागे पडते. बडोद्यात मुलांचा आवडता विषय म्हणजे विश्वामित्रीतल्या मगरी. नेहमीच्या शाळेत याचा एक तक्ता होतो: इंटरनेटवरचं चित्र, खाली उतरवलेली माहिती, बरेचदा आईच्या अक्षरात. चांगल्या स्वयंअध्ययनात पहिला आठवडा विषयाचा प्रश्न करण्यातच जातो. ‘मगर’ हा प्रश्न होत नाही. ‘ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्तीत का आल्या?’ हा होतो. मग मूल लिहितं: कुणाला विचारणार, कोणता नकाशा पाहणार, कधी दाखवणार. नदीकाठच्या सोसायट्या नकाशावर खुणावल्या की पाण्याची उंची आणि उतार हे भूगोलाच्या पुस्तकातले शब्द कामाला येतात. सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. त्याचं प्रमाणात चित्र काढायचं म्हटलं की गुणोत्तर आपोआप शिकावं लागतं. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही पुस्तकं मिळतात. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये राज्यभर लागू केलं, आणि ग्रंथालयांची चळवळ १९१० पासून उभी केली. ज्या शाळेतली मुलं या जागांचा वापर करत नाहीत तिथं स्वयंअध्ययन चार भिंतींतच राहतं.

बिघडतं कुठं? प्रश्न खूप मोठा घेतला जातो, मधला टप्पा ठरवलेला नसतो, आणि शेवटच्या दोन रात्री घर कामाला लागतं. तीन आठवड्यांच्या प्रकल्पात दहाव्या दिवशी कच्चं काम पाहण्याची पद्धत शाळेत आहे का, ते विचारा.

मराठी घर, गुजराती राज्य

गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती शिकवणं सक्तीचं आहे. आपल्या घरात मराठी, शाळेत बहुधा इंग्रजी, गल्लीत गुजराती आणि हिंदी. निवड मुलावर सोडली की जी भाषा जड जाते तिचं कार्ड ते सगळ्यात शेवटी उचलतं, किंवा उचलतच नाही. बोलता येतं म्हणून लिहिताही येईल असं आई-वडिलांना वाटतं, पण ख, ज, झ, फ ही गुजराती अक्षरं देवनागरीहून वेगळी दिसतात आणि मुलं तिथंच अडतात. तेव्हा भाषांसाठी रोजचा ठरलेला वेळ हवाच, भले पंधरा मिनिटं. मराठी वाचन शाळेकडून होईल अशी अपेक्षा ठेवू नका. ते घरी किंवा ग्रंथालयातून करावं लागेल.

आठवीनंतर

सीबीएसईच्या दहावीत मुख्य विषयांना ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण अंतर्गत असतात. तीन तास बसून, घड्याळाकडे पाहत लिहिण्याची सवय स्वयंअध्ययनातून आलेल्या मुलाला नसते. समज चांगली असूनही पेपर अपुरा राहतो. यासाठी आठवीच्या दुसऱ्या सत्रापासून महिन्यातून एक वेळ लावलेला पेपर पुरेसा होतो. दहावीच्या जानेवारीत सुरू केलं तर उशीर होतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालय शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा मार्गही आहे: दहावीसाठी किमान वय १४, नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. पण तिथं रोजची शिस्त घरानं लावायची असते, हे गृहीत धरूनच तो निवडा.

शाळा पाहायला जाताना

उद्घाटनाच्या किंवा प्रदर्शनाच्या दिवशी जाऊ नका. साध्या मंगळवारी-बुधवारी जा, मागे बसा आणि अर्धा तास एकाच मुलावर लक्ष ठेवा. दहा मिनिटं ते इकडेतिकडे फिरलं तर काही बिघडत नाही. वीस मिनिटांनंतरही फिरतच असेल आणि कुणाच्या लक्षात आलं नसेल, तर ते चिन्ह बरं नाही. माँटेसरी हे नाव कुणीही पाटीवर लावू शकतं, म्हणून साहित्य वापरून झिजलंय का ते पाहा. कपाटात काचेआड ठेवलेले चकचकीत मणी काही सांगत नाहीत. एका मुलाची नोंदवही मागा. त्यात ‘छान प्रगती’ लिहिलेलं असेल तर काही कळणार नाही. ‘शून्यावरून उसनं घेताना अडतो, बुधवारी मण्यांवर पुन्हा’ असं लिहिलेलं असेल तर शाळा काम करतेय.

मान्यतेचं प्रमाणपत्र आणि शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मागून घ्या. गुजरातच्या शाळेचा तो २४ नं सुरू होतो. फीमध्ये साहित्य धरलंय की वेगळं, हेही लेखी घ्या.

दुपारी शिकवणी लावायचा बेत असेल तर स्वयंअध्ययनाची शाळा निवडू नका. शिकवणीत रीत आधी पाठ होते आणि सकाळी मण्यांसमोर बसलेलं मूल ‘मला येतं’ म्हणून उठून जातं. जे मूल ठरवून दिलेल्या क्रमातच निवांत असतं, रोज काय करायचं हे विचारल्यावर घाबरं होतं, त्याला एकदम मोकळ्या वर्गात टाकू नये. आधी दिवसातली दोनच कामं निवडू देणारी शाळा बघावी. शाळा बदलायचीच असेल तर पाचवीनंतर किंवा सातवीनंतर बदला, आणि बदलण्याआधीच्या एप्रिल-मेमध्ये वजाबाकी, भागाकार, अपूर्णांक आणि गुजराती लेखन या चार गोष्टी नव्या शाळेच्या त्या इयत्तेच्या पुस्तकावर तपासून घ्या.