बिनचरबीचा सॉफ्टनर: बारा लूम, आठ महिने

आमच्या इचलकरंजीत सायझिंगवाल्याला, म्हणजे लूमवर (यंत्रमागावर) चढण्याआधी सुताला खळ लावून देणाऱ्याला, "खळीत मऊ काय टाकता?" असं विचारलं की तो आधी चहा मागवतो. मग इकडचं तिकडचं बोलतो, सुताच्या भावावर येतो, आणि अगदीच रेटलं तर आवाज खाली आणून म्हणतो, "तेच की, नेहमीचं."

नेहमीचं म्हणजे मटन टॅलो. शेळ्यामेंढ्यांची वितळवून गाळलेली चरबी. डब्यात घट्ट बसलेली, पिवळट पांढरी, खुरप्यानं खरवडून काढावी लागते. लूमधंद्याबाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो स्वतःच्या शर्टाकडे बघतो. धुतलेल्या, रंगवलेल्या कापडात ती राहत नाही, निदान राहू नये. ती असते फक्त विणेपर्यंत.

ती लागते कशाला, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ताण्याचा, म्हणजे कापडातला उभा, प्रत्येक धागा वहीच्या (धागे वरखाली करणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून आणि फणीच्या दातांतून हजारो वेळा घासत पुढे सरकतो. कोरं सूत तसंच चढवलं तर केस उठतात, शेजारच्या धाग्याला गुंततात आणि तुटतात. म्हणून स्टार्चची खळ. पण नुसता स्टार्च वाळला की पापडासारखा होतो, वाकवला की कडकन तुटतो. चरबीनं तो पापुद्रा लवचीक राहतो आणि वरून घसरतो. मुलगा केमिस्ट्री शिकलाय. तो म्हणाला, बाबा, टायरच्या रबरात घालतात ते स्टिअरिक आम्ल, प्लॅस्टिकच्या दाण्यांतलं झिंक स्टिअरेट, सगळं याच घराण्यातलं. इंग्लंडात 2016 साली पाच पौंडांची नवी प्लॅस्टिकची नोट आली, तिच्यातही चरबीचा अंश निघाला आणि लोकांनी लाखावर सह्या गोळा केल्या. नोट मात्र चालूच राहिली. म्हटलं, बरं झालं, आम्ही एकटेच नाही.

माझे बारा रॅपियर लूम (धोट्याशिवाय चालणारे), सगळे सेकंडहँड. माल एकच: पॉपलीन, सूत उभं-आडवं 40 नंबरचं, इंचाला उभे धागे 132, आडवे 72, पन्हा 63 इंच. म्हणजे एका बीमवर, ताणा गुंडाळलेल्या मोठ्या रुळावर, सव्वाआठ हजारांच्या वर धागे. त्यातला एक तुटला तरी लूम थांबतो आणि कामगार माझ्याकडे बघतो. टॅलोच्या बीमवर लाख पिकांमागे (पीक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी) साधारण तीन तुटी यायच्या. मी समाधानी होतो आणि इतकी वर्षं मला या विषयात काडीचा रस नव्हता.

रस आला तो प्रोसेसवाल्यानं, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्यानं, माझा नेव्ही ब्ल्यू रंगवलेला लॉट परत आणून टाकला तेव्हा. तागा उलगडला तर फिक्के डाग, कुठं हाताच्या पंजाएवढे, कुठं लांब ओघळ. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, तुमच्या रंगाचा दोष. तो शांतपणे म्हणाला, "मालक, स्टार्च काढायला आम्ही एन्झाइम घालतो. ते स्टार्च खातं, चरबीला हात लावत नाही. चरबी पुढं कॉस्टिकमध्ये साबण होऊन निघते. पण पाणी बोअरचं असलं की त्यातल्या चुन्याशी त्या साबणाची चिकट साय होते आणि कापडावरच बसते. तिथं रंग कसा धरणार?" पाणी जड होतं हा त्याचाही दोष, हे त्याला मी नंतर सुनावलं. पण डागाची सुरुवात माझ्या बीमपासून होती, हे खोटं नव्हतं. टॅलोचा फायदा मला, आणि त्याचं धुणं दुसऱ्याला. लॉटच्या निम्म्या नुकसानीवर मिटलं.

म्हणून पर्याय शोधला. इथं दोन माल वापरले. नावं मुद्दाम लिहीत नाही. पहिल्याबद्दल वाईट लिहायचंय, मग दुसऱ्याची जाहिरात कशाला करू?

पहिला माल पावडर स्वरूपात, पोत्यावर हिरवं पान, "100 टक्के वनस्पतिजन्य". लूमवर चांगला चालला. फारच चांगला चालला, तेव्हाच शंका यायला हवी होती. त्याच सुमारास लहान मुलांचे कपडे बाहेर पाठवणाऱ्या एका खरेदीदारानं लेखी मागितलं, की कापडाच्या कुठल्याही टप्प्यावर प्राणिज काही नाही. सही करण्याआधी मुलानं नमुना मुंबईच्या एका लॅबला पाठवला. मला वाटलं, उगाच खर्च. रिपोर्टमध्ये मार्गारिक आम्ल एक टक्क्याच्या वर. ही सतरा कार्बनची साखळी. झाडं बहुतेक सम आकड्याच्या साखळ्या बनवतात, सोळा, अठरा. पाम तेलात सतराची नावापुरतीच सापडते. गाय, म्हैस, मेंढीच्या पोटातले जिवाणू मात्र विषम साखळ्या बनवतात आणि त्या चरबीत उतरतात. लॅबमधला माणूस फोनवर म्हणाला, "साहेब, तुमची ही वनस्पती रवंथ करणारी दिसते."

पोतं परत गेलं. पैसे अजून यायचेत.

आमच्या आबांना ही गोष्ट सांगितली तर ते हसले. म्हणाले, 1983 ला वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण गाजलं, सरकारनं परदेशी चरबी बंद केली, तेव्हापासून डब्यावर काय लिहिलंय यावर माझा विश्वास नाही. आजी तर त्याच्याही आधीपासून कोरं कापड धुतल्याशिवाय देवघरात नेत नसे. विचारलं तर म्हणायची, "खळीत काय असतं ते मला ठाऊक आहे, घर लूमवाल्याचं आहे."

दुसरा माल मी आठ महिने वापरतोय आणि ही खरी समीक्षा त्याचीच. पाम तेलापासूनच्या पांढऱ्या पातळ चपट्या कपच्या, साबण किसल्यासारख्या. वास जवळजवळ नाही. मार्गारिक तपासलं, नाममात्र. गरम पाण्यात टाकल्या की आपोआप दुधासारखं पाणी होतं, कारण त्यात पाण्यात मिसळवणारा घटक आधीच घातलेला आहे. टॅलोचं तसं नाही. खळ शिजवायच्या कुकरमध्ये जोरात ढवळावा लागतो, आणि मशीन जरा जास्त वेळ थांबलं, साइझ बॉक्स (सूत बुडवायची खळीची टाकी) गार झाला, की वर थर धरतो. मेंढीची चरबी पंचेचाळीस-पन्नास अंशांखाली गोठायला लागते. मग पुन्हा मशीन सुरू झालं की पहिल्या काही मीटरवर चरबीचे ठिपके. हा त्रास संपला, सायझिंगवाले मामा यावर सगळ्यात खूश.

टॅलो 100 किलो स्टार्चला पाच किलो पडायचा, या कपच्या तीन किलोत भागतात. किलोला महाग आहेत, पण बीमच्या हिशेबात फरक फार उरत नाही.

आता कुरकुर. पहिल्या महिन्यात तुटी तीनवरून सातवर गेल्या. मी मामांना बोललो, मामा मला बोलले. निघालं असं की कपच्या एकदम ओतल्यामुळे बॉक्समध्ये फेस होत होता. फेस असला की सुताला खळ सारखी लागत नाही, कुठं जाड, कुठं कोरडी. मूठमूठ घालायला लागलो, ढवळणी हळू केली, तेव्हा फेस बसला. दुसरी गोष्ट मार्च-एप्रिलची. इचलकरंजीचा उन्हाळा कोरडा. शेडमधली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की या मालाचा पापुद्रा टॅलोपेक्षा लवकर कडक होतो. टॅलो चुका पोटात घालतो, हा घालत नाही. बीम सात-आठ टक्के ओलीवर उतरवायचं, सूत वाळवायच्या गरम सिलिंडरवर भाजायचं नाही, शेडमध्ये फवारे चालू ठेवायचे. हे सगळं केल्यावर आकडा चारवर स्थिरावला. तीन नाही झाला. होईल असं वाटतही नाही.

पावसाळ्यात मात्र हा माल जिंकतो. आधी जुलैत भरलेलं बीम आठवडाभर पडलं की आंबूस, खवट वास यायचा. बुरशी येऊ नये म्हणून खळीत मोरचूद घालावा लागायचा, तो जास्त झाला की कापडावर हिरवट झाक. एकदा उंदरांनी बीमच्या कडेचे दोनशे धागे कुरतडले होते. चरबी ती चरबी, त्यांनाही कळते. या पावसाळ्यात बीमं दहा-दहा दिवस पडून होती. वास नाही, उंदीर नाही. बुरशीचा बंदोबस्त आम्ही तरीही सोडलेला नाही, स्टार्च आहेच ना खायला.

प्रोसेसवाल्यानं गेल्या सहा लॉटमध्ये एकही डाग दाखवला नाही. तो स्वतःहून फोन करणारा माणूस नाही, म्हणजे हीच पावती समजायची.

पाचपैकी पावणेचार. सव्वा कापला तो फेस, उन्हाळ्याचे नखरे आणि पोत्यावरच्या सूचनांसाठी. त्या गुळगुळीत इंग्रजीत आहेत आणि त्यात "मूठमूठ घाला" हे एकच कामाचं वाक्य नाही. ज्यांचं ग्रे, म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं, कापड बाजारात विकलं जातं आणि पुढं कोण रंगवतो ते कधी कळतच नाही, ते टॅलो सोडणार नाहीत. मीही काल-परवापर्यंत त्यांच्यातच होतो, तेव्हा त्यांना नावं ठेवत नाही. पण ज्यांचा प्रोसेसवाला ठरलेला आहे किंवा खरेदीदार कागद मागतो, त्यांनी घ्यावा. आधी दोन बीमं करून बघा, आणि नमुना लॅबला पाठवा, हिरव्या पानाला भुलू नका.

परवा आबा शेडमध्ये आले होते. नव्या बीमवरून अंगठा फिरवला, बोटं नाकाशी नेली, परत फिरवला आणि मामांना विचारलं, "यावर खळ लावायची राहिली काय?"