गाडीतला अँड्रॉइड स्टिरिओ: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

स्टिरिओ चांगला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की मी पैसे पाण्यात घातले. तसं नाही. नऊ इंची स्क्रीन, सोबत रिव्हर्स कॅमेरा, फिटिंगसकट साधारण तेरा हजार. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. तिच्यातला मूळचा प्लेअर एक सीडी गिळून बसला होता, ती काही केल्या परत देईना. नवी गाडी घ्यायची नव्हती, म्हणून निदान डॅशबोर्ड तरी नवा करू म्हटलं.

नकाशा मोठा दिसतो, फोन ब्लूटूथला आपोआप जोडला जातो, कॅमेऱ्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमधला तो कुप्रसिद्ध खांब आता वेळेवर दिसतो. भर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सुरुवातीची पाच-दहा मिनिटं टच जरा आळशीपणा करतो. स्क्रीनबद्दल इतकंच; त्यावर व्हिडिओंचा खच पडलाय. वायरिंगबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि माझा सगळा मनस्ताप वायरिंगचाच आहे. स्क्रीनचा ब्रँड कोणता यापेक्षा तिच्या मागचे तीन-चार जोड कुणी आणि कसे मारले, याने हा स्टिरिओ सुख देणार की डोकं खाणार ते ठरतं.

पहिली तक्रार बॅटरीची. माझं बरंचसं काम घरून चालतं, त्यामुळे गाडी कधीकधी दोन-तीन दिवस जागची हलत नाही. फिटिंगनंतर लवकरच एका सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टकटक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावून सुरू केली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा तेच. बॅटरीवाल्याने बघितलं न बघितलं आणि निकाल दिला, "मॅडम, बॅटरी गेली. नवी टाका." बॅटरीला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

मला संशय वेगळाच होता. फिटिंग झाल्यावर दुकानदाराने मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं की किल्ली काढली तरी स्टिरिओ चालू राहतो. "निवांत गाणी ऐकत बसा, बंद करायचं तर बटण दाबा." बटण दाबलं की स्क्रीन काळी होते हे खरं, पण आतला प्रोसेसर झोपला की नाही हे त्या काळ्या स्क्रीनवरून कळत नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रिकच्या बाजारातून, मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचा मीटर) आणला, पाचशेच्या आतला. आधी व्होल्टेज बघितलं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ आले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, आणि १२ च्याही खाली गेली की सेल्फचा, म्हणजे स्टार्टरचा, भरवसा धरू नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. माझ्याकडे १४.१ येत होते, म्हणजे डायनामो ठणठणीत. बॅटरी भरत होती नीट, रिकामी कुठून होते एवढंच शोधायचं होतं.

त्यासाठी मीटर अँपिअरवर लावायचा, लाल प्रोब (मीटरची टोकदार वायर) १० अँपिअरच्या भोकात. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवायची आणि ती केबल व बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्या मधे मीटर धरायचा, म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जातो. मीटर असा मधे असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज किंवा मीटरच गेला म्हणून समजा. दार उघडं ठेवावं लागतं, कारण फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली. तेव्हा चौकटीतलं दाराचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं, म्हणजे गाडीच्या लेखी दार बंद. आणि पहिला आकडा बघून घाबरायचं नाही. केबल जोडली की गाडीतली कंट्रोल युनिटं जागी होतात आणि पुन्हा झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात. तेवढा वेळ मी बॉनेट उघडं टाकून चहाचा कप घेऊन उभी. वॉचमन येऊन चौकशी करून गेला, मग जोशीकाका, मग त्यांचा कुत्रा.

बंद गाडीला घड्याळ, अलार्म, रिमोट लॉक यांच्यासाठी २० ते ५० मिलिअँपिअर (०.०२ ते ०.०५ अँपिअर) लागतात, तेवढं चालतं. माझा मीटर अर्ध्या तासानंतरही ०.४२ अँपिअरवर ठाम. स्टिरिओचा फ्यूज उपसला, आकडा झटकन ०.०३ वर आला. संशयाला जागाच उरली नाही. ०.४२ ला चोवीसने गुणा, दिवसाला दहा अँपिअर-अवर होतात. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. अडीच दिवसांत पंचवीस गेल्यावर उरलेल्यात इंजिन काय फिरणार? बॅटरीवाल्याचं ऐकून नवी टाकली असती तर तीही अशीच झोपली असती. वर, साधी लेड-ॲसिड बॅटरी अशी वारंवार तळापर्यंत उतरली की तिचं आयुष्य खरोखरच घटतं, तो भुर्दंड वेगळा.

आता कारण. स्टिरिओच्या मागे दोन पॉझिटिव्ह वायरी असतात. पिवळी थेट बॅटरीची, तिच्यात कायम १२ व्होल्ट. युनिटचा, म्हणजे स्टिरिओचा, मुख्य पुरवठा तिच्यावरून होतो, आणि घड्याळ, सेटिंग, लावून ठेवलेली स्टेशनं तिच्याच जिवावर टिकतात. लाल वायर किल्लीची. किल्ली ॲक्सेसरीवर आली की तिच्यात करंट येतो आणि युनिटला उठायची वेळ झाल्याचं कळतं. काळी अर्थिंगची, गाडीच्या लोखंडी बॉडीला जाणारी. दुकानातल्या पोराने किल्लीची वायर शोधत बसायचे कष्ट वाचवून लाल आणि पिवळी एकत्र पिळून बॅटरीच्या वायरवर टाकली होती. बिचाऱ्या युनिटला किल्ली काढल्याचं कधी कळतच नव्हतं.

तक्रार घेऊन गेले तर पाच मिनिटांत दुरुस्त करून दिलं. आता दोन्ही वायरी उचलून किल्लीच्या वायरवर! बॅटरी उतरायची थांबली, पण किल्ली काढली की युनिट पूर्ण गतप्राण. दूध आणायला गेलं तरी परत येताना पहिल्यापासून बूट, लोगो फिरतोय, घड्याळ भलतंच काहीतरी दाखवतंय, आवाजाचं सेटिंग गायब. शिवाय युनिटचा सगळा भार ॲक्सेसरीच्या बारीक वायरवर. मे महिन्यात एके दिवशी डाव्या बाजूचे स्पीकरही बोलायचे बंद झाले, तेव्हा त्या दुकानाचा नाद सोडला.

एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गाडी नेली. शटरपुढे एका वेळी एकच गाडी मावते, आणि त्यांच्या सवडीनेच काम होतं. त्यांनी ट्रिम काढली, युनिट पुढे ओढलं, मागचा गुंता बाहेर घेतला आणि काळ्या टेपच्या एका गाठीला नुसता हात लावला. टेप सरळ निसटून आली, आत वायरींचा उघडा पीळ. "ताई, ही टेप नाही राहिली, नुसता चिकटा उरलाय," असं म्हणून त्यांनी बोटाला लागलेला काळा डिंक फडक्याला पुसला. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डमागे जी भट्टी होते तिच्यात साध्या टेपचा गोंद पातळ होतो. डाव्या स्पीकरची निगेटिव्ह वायर उघडी पडून लोखंडी ब्रॅकेटला टेकत होती, आणि युनिट स्वतःला वाचवायला आवाज बंद करत होतं. आजकालच्या स्टिरिओत स्पीकरची निगेटिव्ह म्हणजे अर्थिंग नव्हे. तिच्यावरही ॲम्प्लिफायर काम करत असतो. ती बॉडीला लावली तर आतली चिप जळू शकते. माझी वाचली.

काकांनी सगळे पीळ कापून टाकले, माझ्या गाडीच्या मूळ कपलरला बसणारा तयार हार्नेस, म्हणजे प्लगसकट वायरींचा जुडगा, मागवला (चारशे रुपये, जे पहिल्याच दिवशी खर्च व्हायला हवे होते) आणि युनिटच्या वायरी त्याला डाग देऊन (सोल्डर करून), वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवून जोडल्या. पिवळी पिवळीच्या जागी, लाल लालच्या जागी. आता किल्ली काढली की युनिट झोपतं, लावली की दोन सेकंदांत उठतं. गळती पुन्हा मोजली, ०.०४५. सेटिंगमध्ये युनिटने किती तास झोपून राहायचं आणि नंतर पूर्ण बंद व्हायचं, हेही ठरवता येतं. मी ते कमी करून ठेवलंय. त्यानंतर आठवडाभर गावाला जाऊन आले, पहिल्या सेल्फला गाडी सुरू.

दुसरं दुखणं आवाजाचं. इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून बारीक सूं, ॲक्सिलरेटर दाबला की तो चढायचा, सोडला की उतरायचा. कानाशी डास घोंगावावा तसा, गाणं थांबलं की जास्तच ऐकू येणारा. आवाज असा इंजिनच्या वेगाबरोबर हलत असेल तर तो डायनामोचा, आणि बहुतेक वेळा गोम अर्थिंगमध्ये असते. युनिट चालू ठेवून मीटरचा एक प्रोब त्याच्या काळ्या वायरवर आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हवर लावला. तिथे ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी यायला हवं, माझं ०.३ च्या वर. काळी वायर डॅशबोर्डच्या ब्रॅकेटच्या रंगवलेल्या स्क्रूखाली दाबलेली होती. काकांनी बॉडीचा एक बोल्ट निवडला, खालचा रंग पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, वायरला लग (धातूचं गोल टोक) लावून आवळली. सूं निम्म्यावर आला.

उरलेला निम्मा कुठून येतोय ते शोधायला खरी मजा आली. एकेक पिन काढत गेलो. कॅमेऱ्याची व्हिडिओ केबल युनिटमधून उपसली आणि आवाज गेला. कॅमेरा रिव्हर्स टाकल्याशिवाय चालूच होत नाही, मग त्याचा काय संबंध? संबंध असा की त्याची काळी वायर डिकीत बॉडीला लावलेली, युनिटची पुढे बॉडीला, आणि व्हिडिओ केबलची जाळी (आतल्या तारेभोवतीचं तारांचं वेष्टण) या दोघांना जोडते. बॉडीच्या दोन टोकांमध्ये थोडासा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी त्या जाळीतून करंट फिरतो आणि आवाज होऊन बाहेर पडतो. कॅमेऱ्याची अर्थिंग डिकीतून सोडवून स्वतंत्र वायरने युनिटच्याच अर्थ बोल्टवर आणली, प्रश्न मिटला. कुणी ऑक्स केबलने फोन जोडून तोच फोन सिगरेट सॉकेटमध्ये चार्जिंगला लावत असेल तर त्यांच्याकडेही हेच होतं. चार्जर काढून बघा. आवाज गेला तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते. मी ब्लूटूथच वापरते, त्यामुळे मला लागली नाही.

रेडिओचं किरकोळ होतं, पण त्रास खूप दिवस काढला. पुण्यात विविध भारती १०१ वर लागते, आणि माझी सकाळ तिच्याशिवाय सुरू होत नाही. नव्या स्टिरिओवर शहरातच खरखर. माझ्या गाडीच्या टपावरच्या अँटेनाच्या बुडाशी लहानसा ॲम्प्लिफायर आहे, त्याला युनिटच्या निळ्या वायरमधून १२ व्होल्ट लागतात. ती निळी वायर दुकानाने नीट घडी घालून, टेप गुंडाळून, कुठेही न जोडता ठेवून दिली होती. जोडली, खरखर गेली. डॅशकॅमचा स्वस्त चार्जर लावला की थोडी परत येते, तो बदलायचाय.

पावसाळ्यात कॅमेरा लुकलुकायला लागला. रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरला चावा घेणारी प्लास्टिकची क्लिप लावून त्यातून कॅमेऱ्याचं पॉझिटिव्ह घेतलं होतं. उघडून बघितलं तर आत तांबं हिरवं पडलेलं. तिथेही डाग आणि स्लीव्ह. ताम्हिणीच्या पावसातून जाऊन आल्यावरही चित्र आता स्थिर आहे.

खोक्यावरच्या "५० वॅट गुणिले ४" वर मात्र जाऊ नका. गाडीच्या १४.४ व्होल्टवर, चार ओहमच्या स्पीकरला, वेगळा ॲम्प्लिफायर नसताना एका चॅनलवर २० वॅटच्या आसपास स्वच्छ आवाज मिळाला तरी पुष्कळ. पन्नास हा आकडा कमाल मर्यादेचा, तोही आवाज फाटल्यावरचा. मूळ स्पीकर तेच ठेवून फक्त स्टिरिओ बदललात तर आवाजात फार फरक पडणार नाही. मला पडला नाही.

घेऊ का, असं कुणी विचारलं तर घ्या म्हणेन. फक्त दुकानात स्क्रीनचे रंग बघायच्या आधी "माझ्या गाडीचा हार्नेस आहे का?" हे विचारा. "लागत नाही, आम्ही जोडून देतो" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. फ्यूज उडाला म्हणून कुणी १० अँपिअरच्या जागी २० चा घालून देत असेल तर त्याला थांबवा, कारण मग फ्यूजच्या आधी वायर तापते. आणि गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू देऊ नका, सर्व्हिस सेंटरला तेवढंच निमित्त पुरतं.

माझ्याकडे अजून एक वायर मोकळी आहे, नारिंगी. हेडलाइट लावले की तिच्यामुळे स्क्रीन आपोआप मंद होते; सध्या रात्री मला हाताने ब्राइटनेस कमी करावा लागतो. काकांची वेळ दिवाळीनंतरची मिळालीय.