डायलवाला कोपर-ब्रेस: घेण्याआधी बिजागरी तपासा

कोपर निखळलं, सोबत रेडियल हेड (अंगठ्याकडच्या हाडाचं कोपरातलं टोक) मोडलं आणि कोरोनॉइडचाही (करंगळीकडच्या हाडाचा कोपरातला पुढचा उंचवटा) तुकडा पडला, की त्याला ‘टेरिबल ट्रायड’ म्हणतात. ऑपरेशननंतर अशा हाताला बरेच सर्जन बिजागरीचा, डायलवाला ब्रेस लिहून देतात. संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या सर्जिकल दुकानांत ‘एल्बो आरओएम ब्रेस’ (आरओएम म्हणजे सांध्याच्या हालचालीची कक्षा) म्हणून मागायचा. वस्तू कामाची आहे, पण तिच्याकडून नको ते काम मागू नये.

डायल उत्तम. हात सरळ होण्याची हद्द आणि वाकण्याची हद्द वेगवेगळी लावता येते. सुरुवातीला पूर्ण सरळ होण्याच्या साधारण 30 अंश आधीच हात अडवायचा आणि सर्जन सांगतील तसं दर आठवड्याला थोडं सोडत जायचं. तीन आठवड्यांहून जास्त काळ प्लास्टरमध्ये अडकलेलं कोपर हमखास आखडतं. ब्रेसची खरी कमाई तिथेच.

गडबड होते ती बसवताना. बिजागरीचा मध्य कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावरच हवा. दंड वर जाड, खाली निमुळता, त्यामुळे ब्रेस दिवसभरात मनगटाकडे घसरतो. मग डायल 30 दाखवतो आणि हात भलत्याच कोनात असतो. आधी बिजागरीजवळचे पट्टे आवळा, टोकाचे नंतर. दुकानदार उलटं करून देतो, तेव्हा घरी पुन्हा बसवा.

मोठी उणीव म्हणजे स्वस्त मॉडेलला हाताची पकड नसते, त्यामुळे तळहात कुठेही वळतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा चिवट बंध) शिवलेलं असेल तर व्यायाम करताना तळहात खाली हवा, आतलं फाटलेलं असेल तर वर, दोन्ही असतील तर मधोमध. यातलं आपलं कुठलं, हे सर्जनकडून लिहूनच घ्या. पकडीचं मॉडेल परवडत असेल तर तेच बरं.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फोमखाली घामोळं उठतं. आत सुती स्टॉकिनेट (मोज्यासारखी विणलेली कापडी नळी) घाला, दोन जोड ठेवा. वेल्क्रोत धूळ बसली की पकड जाते. जुन्या टूथब्रशने साफ होतं.

बाजूच्या एक्स-रेत सांध्यात 4 मिलिमीटर किंवा जास्त फट दिसत असेल, तर ते पट्टे आवळून भागवू नका, सर्जनना दाखवा. करंगळीला मुंग्या आल्या तरी तेच. आणि ब्रेस काढून तेलाने चोळून घेणं, जोर लावून हात ओढणं बंद. त्याने स्नायूत नको तिथे नवं हाड तयार होण्याचा धोका असतो, मग डायल कितीही फिरवा, हात वाकत नाही.