कोडमधलं ओ की ठो कळत नसताना प्रोग्रामर नेमला: नऊ महिन्यांनंतर

माझ्या वर्गांच्या नोंदणीची वेबसाइट नऊ महिन्यांपूर्वी नव्याने करून घेतली. नव्याने, कारण पहिली माझी नव्हतीच. हे मला ती बंद पडल्यावर कळलं.

पहिल्या प्रोग्रामरचं काम दिसायला झकास होतं. मी दोन महिने रंग आणि फॉन्ट यांवरच वाद घातला; मला कळत होतं ते तेवढंच. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं; होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, तीही त्याच्याच खात्यात. मग एका सकाळी ब्राउझर साइट असुरक्षित असल्याचं सांगू लागला. साइट सुरक्षित असल्याचं ब्राउझरला पटवणारं, लेट्स एनक्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळणारं सर्टिफिकेट त्याने हाताने बसवलं होतं. त्याची मुदत ९० दिवसांची, आणि ते आपोआप नवं होईल अशी सोय करायची राहून गेली होती. काम पाच मिनिटांचं, पण किल्ल्या त्याच्याकडे आणि फोन उचलत नव्हता. शेवटी डोमेन माझ्या नावावर आणायला लागणारा ट्रान्सफर कोड त्याच्याकडून काढून घेताना अक्षरशः नाकीनऊ आले.

दुसऱ्या वेळी तिघांना एकच प्रश्न विचारला: उद्या तुम्ही काम सोडलंत तर माझ्या हातात काय उरेल? एक म्हणाला, तशी वेळच येणार नाही. दुसऱ्याने विषय डिझाइनकडे वळवला. तिसरीने कागद ओढून यादीच लिहिली: डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेसचं (साइट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर) अ‍ॅडमिन खातं, विकतच्या प्लगइनची (त्यावरच्या जोड-सुविधांची) लायसन्स, बॅकअप. सगळं तुमच्या ईमेलवर घ्या, म्हणाली, मला फक्त लॉगिन काढून द्या. काम तिलाच दिलं.

आता ती सगळ्यात चोख आहे असं नाही. तिचे 'दोन दिवस' म्हणजे आठवडा धरायचा. साइट सुरू होऊन तीन आठवडे झाले तरी गूगलवर तिचा पत्ता नव्हता. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली एक चौकट असते. तिथे खूण केली की सर्च इंजिनांना 'इकडे येऊ नका' असं सांगितलं जातं. काम चालू असताना ती खूण योग्यच होती, नंतर काढायची विसरली. फॉर्मवरून येणारे मेलही काही दिवस स्पॅममध्ये पडत होते. विचारलं की 'डीएनएस'पासून, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींपासून, सुरुवात व्हायची आणि मी मान डोलवायचो.

मान डोलवणं बंद केलं, तेव्हापासून बरं चाललंय. आता 'ऑनलाइन नोंदणी हवी' असं मोघम सांगत नाही. 'जागा भरल्या की फॉर्म बंद व्हावा, शेवटच्या माणसाला तसं दिसावं, मला मेल यावा' असं लिहून देतो. पैसे तीन टप्प्यांत, आणि प्रत्येक टप्पा मी स्वतः मोबाइलवर चालवून पाहिल्यावर. मुद्दाम चुकीचा ईमेल टाकतो, बटण दोनदा दाबतो. एकदा दोनदा दाबल्यावर एकाच माणसाच्या दोन नोंदण्या झाल्या. हे शोधायला कोड वाचावा लागला नाही.

तिसऱ्या महिन्यात हट्टच धरला: बॅकअपवरून साइट दुसरीकडे उभी करून दाखवा. तिला थोडं लागलं असावं. केली, आणि समोर आला वर्डप्रेस पहिल्यांदा बसवतानाचा कोरा पडदा! फोटो आणि थीम फाइलींमध्ये राहतात, पण लिहिलेली पानं आणि माझ्या सगळ्या नोंदण्या डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या वेगळ्या साठ्यात. आमचा बॅकअप इतके दिवस नुसत्या फाइलींचा होत होता. ती गप्प झाली, मग म्हणाली, 'हे माझं चुकलं.' पहिल्याच्या तोंडून असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. त्याच रात्री तिने दोन्हींचा बॅकअप लावला. आता दर तीन महिन्यांनी ती न सांगता उभारून दाखवते.

परवा डोमेनच्या नूतनीकरणाचा मेल आला. माझ्या ईमेलवर.