चिनी औषधी सूपची तयार पुडी: माल चोख, छापलेली कृती चुकीची

अळणी (मटण-कोंबडीचं बिनतिखट पाणी) पिऊन वाढलेल्या सोलापूरकराला चिनी पौष्टिक सूप परकं वाटणार नाही. कोंबडी, आलं, मीठ आणि मंद आच तीच. भर पडते ती वाळलेल्या मुळ्यांची. ऑनलाइन मिळणाऱ्या या पुडीत ह्वांगची नावाच्या मुळाचे लांबट पिवळसर काप, डांगशेन आणि डांगग्वेई ही आणखी दोन मुळं, ह्वाइशान (आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद), लाल बोरं आणि गोजी बेरी (छोटी लाल वाळकी फळं) आहेत.

माल चांगला आहे. ह्वाइशान पांढराफटक नाही आणि हुंगलं तर नाकाला झोंबत नाही, म्हणजे गंधकाची धुरी दिलेली दिसत नाही. गोजी गार पाण्यात टाकल्यावर पाणी लालभडक होत नाही, म्हणजे वरून रंग लावलेला दिसत नाही.

घोळ आहे तो पुडीमागच्या कृतीत. सगळं एकदम कुकरमध्ये घालून शिट्ट्या करा, असं छापलंय. तसं केलं की गोजीचा लगदा होतो. डांगग्वेईचे सगळे काप पडले तर सूप कडवट होतं आणि कोंबडीची चव त्याखाली दबते. किलोभर कोंबडीला तीन ग्रॅम, म्हणजे दोन पातळ काप, पुरे.

खरी मेहनत कोंबडी आणताना. गावरान, शक्यतो अंड्यावरून उतरलेली जून कोंबडी घ्या. दुकानदाराला आधीच बजावा: सोलू नका, भाजू नका, हळद लावू नका, गरम पाण्यात बुडवून पिसं काढा आणि पाय द्या. भाजलेल्या कातडीचा धुरकट वास या सूपला चालत नाही, आणि पायांमुळे सूपला चिकटसर दाटपणा येतो.

तुकडे गार पाण्यात घालून गॅस लावा. उकळी आल्यावर पाच मिनिटांनी ते पाणी फेका, तुकडे धुवा. थेट उकळत्या पाण्यात टाकले तर रक्त आतच गोठतं आणि नंतर सूपमध्ये करडा फेस येत राहतो. मग अडीच लिटर गोडं पाणी (बोअरचं खारट नको), आल्याच्या पाच चकत्या, धुऊन वीस मिनिटं भिजवलेली मुळं आणि बिया काढलेली सात-आठ बोरं. एक उकळी आली की आच इतकी कमी करा, की कडेला एखाददुसरा बुडबुडाच दिसावा. खळखळ उकळलं की चरबी पाण्यात घुसळली जाते आणि सूप गढूळ होतं. जून कोंबडीला दोन ते अडीच तास लागतात, ब्रॉयलरला सव्वा तास. गोजी शेवटच्या दहा मिनिटांत, मीठ गॅस बंद केल्यावर. गरम मसाला अजिबात नको.

चीनमध्ये बाळंतिणीला अशी सूपं देतात, म्हणून आपल्याकडेही कुणी विचारेल. पण गरोदर बाईला डांगग्वेई देऊ नये, बाळंतिणीलाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डांगग्वेई आणि गोजी दोन्ही बाजूला काढा. उरलेल्या मुळ्यांचं सूपही चवीला कमी पडत नाही.